नाताळच्या भेटी: मिरजेतल्या एका घरची रीत

दिवाळीत शेजाऱ्यांकडून फराळाचे जे स्टीलचे डबे येतात, ते आमच्या फडताळात नाताळापर्यंत मुक्कामाला असतात. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत तर गल्लीत सगळ्यांचीच. आमचा सण डिसेंबरात येतो त्याला आम्ही काय करणार? शेजारणी चिडवतात, पण झाकणावर नाव घालून देतात. नव्यानं संसार मांडलेल्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुली विचारतात, काकू, तुमच्याकडे भेटींचं कसं करता, म्हणून हे लिहिते आहे. मी निवृत्त नर्स, रविवारी संडे स्कूलला शिकवते, आणि घरचा हिशेब माझ्याकडे असतो. त्यामुळे आधी पैशांचं बोलते.

घरात आम्ही अकरा जण. प्रत्येकानं प्रत्येकाला द्यायचं म्हटलं तर 110 भेटी होतात, आणि त्यातल्या शंभर तरी कपाटात पडून राहतात. म्हणून चिठ्ठ्या. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातल्या पहिल्या रविवारी उपासनेहून आलं की दुधाच्या पातेल्यात अकरा नावं टाकायची. ज्याला जो निघाला, त्याला त्यानं एकच भेट द्यायची. स्वतःचं नाव निघालं तर चिठ्ठी परत टाका. नवऱ्याला बायकोचं निघालं तरीही परत टाका, कारण तिला काही आणायचंच असेल तर चिठ्ठीची वाट कशाला बघायची? मर्यादा 300 रुपये. दुबईला नोकरी करणाऱ्या धाकट्या दिरालाही तीच. तो पहिल्या वर्षी कुरकुरला, मग त्यालाच गंमत वाटायला लागली, कारण तीनशेत चांगलं काही आणायचं तर डोकं चालवावं लागतं.

डोकं कसं चालवायचं, ते सांगते. चिठ्ठी निघाली की बाजारात धावू नका. दोन आठवडे त्या माणसाची कुरकुर ऐका आणि लिहून ठेवा. आमचे हे रोज सकाळी चष्मा शोधत घरभर फिरतात: गळ्यात अडकवायची दोरी, झालं. मोठा मुलगा पहाटे मोटरसायकलवरून सांगलीला जातो, पोचेपर्यंत बोटं आखडतात: हातमोजे. सूनबाई ओट्यापाशी उभी राहून टाचा दुखतात म्हणते: पायाखाली घालायला जाड रबरी मॅट. सासूबाईंना नवीन काहीच नको असतं, त्यांना जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं कुणीतरी मागच्या बाजूला लिहून हवी होती. थोरल्या नातीनं त्यांच्याजवळ बसून ती लिहिली. खर्च पेनाचा. तीनशेची सगळ्यात चांगली भेट तीच झाली, असं माझं मत आहे. मगांचा सेट, फोटोफ्रेम, सेंटची बाटली, या तीन वस्तूंना आमच्या घरात बंदी आहे.

याला कारण आहे. नाताळ म्हणजे देवानं वरून पार्सल धाडलं असं नाही, तो स्वतः माणसांत येऊन राहिला, आणि तेही गव्हाणीतल्या बाळाच्या रूपात. मग आपणही समोरच्याच्या घरी, त्याच्या अडचणीत थोडं जाऊन बघायला नको? म्हणूनच भेट हातात द्यायची, ऑनलाइन मागवून थेट त्याच्या पत्त्यावर पाठवायची नाही. परगावच्यांचं ठीक आहे, त्यांना फोन करा.

पोरांकडे पैसे नसतात आणि ती आपल्याकडे मागतात. देऊ नका. त्यांना बायबलमधल्या लूक शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचून दाखवा. बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात नेलं तेव्हा योसेफ आणि मरीया यांनी पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण केलं. बायबलमधल्याच लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातला नियम कोकराचा होता, आणि ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी दोन पक्षी आणायचे होते. म्हणजे त्या घरातही महिनाअखेर असायचीच. एवढं ऐकल्यावर आमची पोरं निमूट कागद, कात्री घेऊन बसतात. एकानं आजोबांना पंधरा दिवस बूट पुसून देण्याची चिठ्ठी दिली होती. पंधरापैकी किती दिवस पुसले ते विचारू नका.

बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांची गोष्टही भेटी उघडण्याआधी वाचा, पण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे तशी वाचा. संडे स्कूलच्या नाटकात तीन राजे असतात, कारण मुकुट तीनच आहेत. मत्तयानं मात्र आकडा दिलेला नाही आणि त्यांना राजेही म्हटलेलं नाही. तीन भेटी आहेत एवढंच: सोनं, ऊद, गंधरस. आणि ते गोठ्यात नाही, घरात आले. गंधरसापाशी मी जरा थांबते. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा माणूस येशूचं शरीर कबरेत ठेवायला गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं घेऊन येतो. बाळाच्या बारशाला कुणी असली वस्तू आणेल का? मोठी मुलं इथं गप्प होतात. त्यांना जास्त समजावत बसू नका.

सांताक्लॉजचं काय, हा प्रश्न येतोच. मी खरं सांगते. निकोलस नावाचा बिशप होता, चौथ्या शतकातला, मायरा गावचा. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. आख्यायिका अशी की एका गरीब बापाला तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी करता येत नव्हती, तेव्हा यानं रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. हुंड्याची गोष्ट आपल्याकडच्या मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. निकोलसचा दिवस 6 डिसेंबर. त्याच दिवशी बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन असतो, गल्लीत मेणबत्त्या लागतात. त्या संध्याकाळी आमच्या घरी कॅरलची, म्हणजे नाताळच्या गाण्यांची, तालीमसुद्धा होत नाही.

आता ज्याचा वाढदिवस त्याचा वाटा. घरच्या खरेदीआधी एक पत्र्याचा डबा ठेवा आणि प्रत्येकानं चिठ्ठीच्या भेटीला जेवढे खर्च करायचे तेवढेच त्यात टाकायचे. मिरज दवाखान्यांचं गाव. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजही गावातल्या दवाखान्यांत कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. पेशंटला जेवण मिळतं, पण त्याच्यासोबत आलेला माणूस व्हरांड्यात चादरीवर झोपतो, हे मी नोकरीभर बघितलं. म्हणून आमचा डबा त्यांच्यासाठी. 24 तारखेच्या रात्री थर्मासमध्ये चहा, पावबटर, आणि प्रत्येकी एक छोटी पिशवी: साबण, खोबरेल तेलाची बाटली, कंगवा, टूथपेस्ट. आधी वॉर्डच्या सिस्टरला विचारून जा. फोटो काढू नका. पत्रिका वाटू नका, कुणी विचारलं आज काय आहे तर सांगा. आणि फाटके कपडे तर मुळीच नेऊ नका, घरातली अडगळ काढायची ती जागा नव्हे.

डब्यांकडे वळते. आमच्या फराळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या असतातच, केक वरून. बेदाणे तासगावचे घ्या, अर्धा किलो मैद्याला पाव किलो, आणि तीन दिवस संत्र्याच्या रसात फ्रिजमध्ये भिजवा. रम घालत नाही, त्यामुळे मुसलमान शेजारीही बिनधास्त खातात. कुणाच्या डब्यात काय भरायचं हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. सांगली-मिरजेकडे जैन घरं पुष्कळ: त्यांना अंड्याचं काही नाही, चिवड्यात कांदा-लसूण-बटाटा नाही, आणि डबा दिवस मावळायच्या आत पोचला पाहिजे. त्या घरी मी नुसते हिरवे लांब बेदाणे आणि साध्या शंकरपाळ्या देते. आधीच वाटायला काढलात तर मार्गशीर्षातला गुरुवार टाळा, घट मांडलेल्या घरी अंड्याचा केक नेऊन ठेवणं बरं दिसत नाही. अंडं न खाणाऱ्या बाकीच्यांसाठी दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक वेगळ्या भांड्यात करा, चमचासुद्धा वेगळा. खोटं सांगून खाऊ घालायचं नाही.

बांधायला चकचकीत कागद विकत घेऊ नका. वर्षभर फाडलेली कॅलेंडरची पानं गादीखाली सपाट ठेवा, डिसेंबरात अकरा महिन्यांची पानं तयार असतात. वरून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली सुतळी.

भेटी 25 तारखेला दुपारी, उपासना आणि मटण-भात झाल्यावर. सगळ्यात लहान आधी देतो, घेतो शेवटी. देणाऱ्यानं एका वाक्यात सांगायचं की हेच का आणलं. पुरुष मंडळी इथं लाजतात, त्यांना सोडू नका. घेणाऱ्याला वस्तू बसली नाही, रंग आवडला नाही, असं होतं. त्यासाठी बिल देणाऱ्यानं जपून ठेवायचं आणि घेणाऱ्यानं माझ्या कानात सांगायचं. लक्ष्मी मार्केटात जाऊन बदलून मी आणते, कुणाचं तोंड उतरत नाही.