कामात समाधान शोधताना या चुका टाळा

कामात मन लागत नाही असे म्हणणारा माणूस बहुधा सर्वप्रथम पगाराकडे किंवा वरिष्ठांकडे बोट दाखवतो. ते पुष्कळदा खरेही असते, परंतु निदान तेवढ्यावर थांबवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींच्या आधारे १९५९ मध्ये असे मांडले की, पगार, देखरेख, धोरणे यांतील उणिवा दूर केल्या तर असमाधान घटते, पण समाधान त्यामुळे आपोआप येत नाही. ते कामगिरी, जबाबदारी आणि प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपातून येते. माणसे यशाचे श्रेय स्वतःकडे घेतात व अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतात, म्हणून अशा मुलाखतींवर किती विसंबावे, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही राजीनामा लिहिण्यापूर्वी ही विभागणी उपयोगी पडते. कामाभोवतीच्या तक्रारी एका रकान्यात आणि कामातच काय खटकते ते दुसऱ्या रकान्यात लिहावे. दुसरा रकानाच भरलेला असेल, तर त्याच कामासाठी नवे कार्यालय गाठूनही काही महिन्यांत जुनाच कंटाळा परत येण्याची शक्यता मोठी.

आपल्या कामाचा उपयोग कोणाला होतो हे कधीच न पाहणे, ही दुसरी चूक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच मिनिटे भेट घडवली गेली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली आढळली, जरी कामात किंवा मोबदल्यात काहीच बदल झालेला नव्हता. तेव्हा आपला अहवाल पुढे कोण वाचतो, हे निदान एकदा विचारून पाहावे.

‘आवडीचे काम’ सापडेपर्यंत हातातल्या कामाला हात न लावणे, हीही चूकच. आवड पुष्कळदा काम जमू लागल्यावर निर्माण होते.

मात्र थकव्याला अर्थहीनता समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली. कामावरील दीर्घकालीन ताण न आवरल्याने येणारी गळाठलेली अवस्था, कामाविषयीचा दुरावा आणि घटलेली परिणामकारकता ही तिची लक्षणे होत. अशा वेळी कामाचा हेतू शोधण्यापेक्षा कामाच्या यादीतून नेमके काय वगळता किंवा पुढे ढकलता येईल, हे वरिष्ठांना लेखी विचारणे अधिक सयुक्तिक ठरते.