सर्वेक्षणांच्या साठ्यातून दूरचा क्वासार कसा शोधावा

क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र, आणि ताम्रसृती म्हणजे त्याचा प्रकाश वाटेत किती ताणला गेला याचे माप; ती जितकी जास्त तितका क्वासार दूर. ताम्रसृती ६ च्या आसपासचे किंवा त्याहून दूरचे क्वासार शोधण्यासाठी आरंभी स्वतःची दुर्बीण लागत नाही. स्लोन, पॅन-स्टार्स आणि वाइज या आकाश-सर्वेक्षणांच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत आणि त्या हाताळण्यास टॉपकॅट ही मोफत संगणकप्रणाली पुरते. काम मात्र शोधण्यापेक्षा वगळण्याचेच अधिक असते, कारण एवढ्या अंतरावरचा तेजस्वी क्वासार शेकडो चौरस अंशांत एखादाच असतो आणि त्याचा भास करून देणारे बिंदू उदंड असतात.

सारी पद्धत हायड्रोजनच्या लायमन-अल्फा रेषेवर उभी आहे. ही रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरवर असते. ताम्रसृती ६ असल्यास ती सातपट ताणली जाऊन ८५१ नॅनोमीटरवर येते, आणि तिच्याहून आखूड तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश वाटेतील उदासीन हायड्रोजन शोषून घेतो. स्लोनमध्ये यू, जी, आर, आय, झेड असे आखूड तरंगलांबीकडून लांबीकडे जाणारे पाच फिल्टर आहेत. म्हणून असा क्वासार स्लोनच्या झेड फिल्टरमध्ये दिसतो, आयमध्ये फार मंदावतो आणि यू, जी, आर या फिल्टरांत दिसेनासा होतो.

प्रथम आकाशगंगेच्या प्रतलापासून निदान २० अंश दूरचा भाग निवडावा. तेथील यादीतून आयची प्रत (तेजस्वितेचे माप) उणे झेडची प्रत २.२ पेक्षा अधिक असलेले आणि जी, आरमध्ये न दिसणारे बिंदूवत स्रोत काढावेत. प्रतीचा आकडा मोठा तितका प्रकाश मंद असल्यामुळे हा फरक साडेसात पटींहून अधिक तीव्रतेचा आहे. आयमध्ये स्रोत मुळीच आढळला नसेल, तर रकाना रिकामा आहे म्हणून तो टाकून देऊ नये. त्या जागी सर्वेक्षणाची मर्यादाप्रत, म्हणजे त्यात दिसू शकणारी सर्वांत मंद प्रत, धरून फरक काढावा.

खरी अडचण तपकिरी बटूंची आहे. आपल्याच आकाशगंगेतील हे थंड गोल आय आणि झेडमध्ये क्वासारइतकेच लाल दिसतात. मात्र अवरक्ताकडे जाताना त्यांचा प्रकाश झपाट्याने वाढतो, तर क्वासारचा बेताने वाढतो. म्हणून झेड उणे जे (जे हा अवरक्तातील फिल्टर) हा फरक १.५ पेक्षा कमी असलेलेच उमेदवार ठेवावेत. येथे जेची प्रत वेगा पद्धतीतील आहे, तर स्लोनच्या प्रती एबी पद्धतीच्या; प्रतीचे शून्य कोठे धरायचे याच्या या दोन निरनिराळ्या पद्धती आहेत. हा घोळ फार जणांचा होतो. वाइजच्या प्रतीही वेगा पद्धतीत असतात. त्या एबीमध्ये आणताना पहिल्या पट्ट्यासाठी २.७० आणि दुसऱ्यासाठी ३.३४ मिळवावे लागतात. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाइआ अवकाशयानाच्या यादीत उमेदवाराला स्पष्ट स्वगती, म्हणजे आकाशात जागा बदलण्याची गती, आढळली, तर तो तारा किंवा बटू समजून बाद करावा.

यानंतर प्रत्येक उमेदवाराचे चित्र डोळ्यांनी पाहावे. माझ्या मते ही पायरी कोणत्याही सूत्रावर सोडू नये. स्लोनच्या मुख्य सर्वेक्षणात प्रत्येक फिल्टरला प्रकाश टिपण्यास जेमतेम ५४ सेकंद मिळाले. त्या वेळी झेडच्या शोधकावर एखादा विश्वकिरण (अवकाशातून येणारा वेगवान कण) आदळला, तर केवळ झेडमध्ये चमकणारा बिंदू उमटतो आणि तो हुबेहूब आपल्याला हव्या असलेल्या क्वासारसारखा वाटतो. दुसऱ्या रात्रीच्या किंवा पॅन-स्टार्सच्या चित्रात तो नसेल, तर सोडून द्यावा.

नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेले सर्वेक्षणही ताडून पाहता येते. तेथे स्रोत आढळल्यास बाजू भक्कम होते, पण सुमारे दहातला एकच क्वासार रेडिओ लहरींत प्रखर असल्याने न आढळणे हा दोष मानू नये.

ताम्रसृती ६.५ च्या पुढे लायमन-अल्फा रेषा झेडच्याही पलीकडे सरकू लागते आणि हीच चाळणी एक फिल्टर पुढे न्यावी लागते. २०११ साली जाहीर झालेल्या ७.०८५ ताम्रसृतीच्या क्वासारमध्ये ती रेषा ९८३ नॅनोमीटरवर होती. तो युकिड्स या अवरक्त सर्वेक्षणातून मिळाला.

उरलेल्या मोजक्या उमेदवारांचा वर्णपट मोठ्या दुर्बिणीतून घ्यावा लागतो. रुंद लायमन-अल्फा रेषेच्या निळ्या बाजूस प्रकाश एकदम तुटलेला दिसला, तर क्वासार निश्चित होतो. पाण्याच्या वाफेचे किंवा मिथेनचे रुंद पट्टे दिसले, तर तो बटू आहे. तोही नोंदवून ठेवावा. १९९९ साली स्लोनच्या आरंभीच्या नोंदींतील अशाच अतिलाल बिंदूंमधून मिथेनयुक्त तपकिरी बटू हाती लागला होता.