वेराक्रुसच्या आकाशातली 'शिकारी पक्ष्यांची नदी' कशी पाहावी

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर, वेराक्रुस राज्यात कार्देल नावाचं साधंसं गाव आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात ४० लाखांहून अधिक शिकारी पक्षी आणि गिधाडं या भागातून दक्षिणेला जातात; या प्रवाहालाच 'शिकारी पक्ष्यांची नदी' म्हणतात. याचं कारण नकाशात दिसतं. इथे डोंगररांग मेक्सिकोच्या आखाताच्या पाण्याला इतकी खेटते की मधे सपाट जमिनीची चिंचोळी पट्टीच उरते. रुंद पंखांचे हे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून सगळे या पट्टीत दाटीवाटीने शिरतात.

आधी तारखा ठरवा. मिसिसिपी काइट ही राखाडी घार ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाते. ब्रॉड-विंग्ड हॉक हा शिकारी पक्षी सप्टेंबरच्या शेवटी ऐन भरात असतो. स्वेनसन्स हॉक हा दुसरा शिकारी पक्षी आणि टर्की व्हल्चर हे गिधाड ऑक्टोबरात. एकच आठवडा हाताशी असेल तर मी ऑक्टोबरचा पहिला म्हणेन.

सामान फार लागत नाही. ८×४२ ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, टोपी, भरपूर पाणी आणि पाठीवर आडवं होता येईल अशी चटई. चटई विसरू नका, दुपारपर्यंत मान अवघडून जाते.

पहाटे उठा, पण आकाशाकडे लगेच बघू नका. ९ वाजेपर्यंतचा वेळ इथल्या कायमच्या रहिवाशांना द्या. उजाडताच झाडीतून चाचालाका पक्ष्यांचा कलकलाट सुरू होतो. मेक्सिकोत बडबड्या माणसालाही चाचालाका म्हणतात. तारेवर बसलेला, पोट पिवळंधमक आणि डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेला तो ग्रेट किस्कडी. चौकात लांब शेपटी मिरवणारा चकचकीत काळा पक्षी म्हणजे ग्रॅकलचा नर. ही ओळख दिवसभर कामी येते, कारण टर्की व्हल्चर इथे बाराही महिने राहतो आणि उत्तरेकडून पाहुणा म्हणूनही येतो. रहिवासी गिधाड रस्त्यावर, शेतावर खाली घिरट्या घालतं. पाहुणी गिधाडं उंचावरून, एकामागे एक, पंख न हलवता निघून जातात.

ऊन तापलं की कार्देलमधल्या मोजणीच्या गच्चीवर किंवा जवळच्या चिचिकाश्तले गावातल्या निरीक्षणस्थळावर जा. प्रोनातुरा वेराक्रुस ही संस्था १९९०च्या दशकापासून इथे या पक्ष्यांची मोजणी करते. निळ्या आकाशात नुसतं शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही. पांढऱ्या ढगाच्या कडेवर दुर्बीण धरा आणि कडेकडेने सावकाश सरकवा. आधी मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसतात. मग लक्षात येतं की ठिपके गोल फिरताहेत, खालचे वर चढताहेत, आणि अगदी वरचे पक्षी पंख ताणून एका रेषेत दक्षिणेकडे घरंगळताहेत. रेषेच्या टोकाला पुन्हा तसंच भिरभिरं असतं. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा हातातली दुर्बीण खाली घ्यावीशी वाटत नाही.

ओळखायचं आकारावरून. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेले आणि उडताना डावी-उजवीकडे झोलणारं, ते टर्की व्हल्चर. छोटा, आटोपशीर, फिक्या पंखांना खालून काळी किनार आणि शेपटीवर जाड पट्टे, तो ब्रॉड-विंग्ड. लांब निमुळते पंख, पुढचा भाग फिका आणि मागचा गडद, तो स्वेनसन्स. याला अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांपर्यंत जायचं असतं. मधेच लांब मानेची, शेपटी पंख्यासारखी पसरलेली रांग दिसली तर ते अँहिंगा, आपल्या तिरंदाजाचे भाऊबंद. पांढरे पेलिकनही असेच घिरट्या घेत जातात.

भर दुपारी थवे इतके वर चढतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा जेवून घ्या आणि ३ नंतर परत या. उत्तरेचा थंड वारा आणि पाऊस सुरू झाला तर पक्षी थांबतात. आकाश मोकळं झालं की तुंबलेले थवे एकदम सुटतात, तो दिवस अजिबात चुकवू नका.

मोजायचंय? भिरभिऱ्यात मोजू नका, तेच पक्षी पुन्हा पुन्हा मोजले जातात. ते रेषेत निघाले की एक जागा नजरेत धरा, १० पक्षी मोजून त्यांची लांबी लक्षात ठेवा आणि पुढे त्याच मापाने १०-१०चे, मग १००-१००चे गठ्ठे करा. शेजारी मोजणीदार हातातलं यंत्र टिकटिक दाबत उभे असतील; रेषा जराशी विरळ झाली की तुमचा आकडा त्यांना विचारून ताडून बघा.