मोठ्या वयाचं मांजर शेल्टरमधून घरी आणताय? या चुका टाळा

शेल्टरमधल्या पिल्लांना घर मिळायला फार दिवस लागत नाहीत. दहा-बारा वर्षं कुणाच्या तरी घरात वाढलेलं आणि मग तिथून आणून दिलेलं मांजर मात्र पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतं. बघायला आलेली माणसं दोन मिनिटं थांबतात, ते वळूनही बघत नाही म्हणून पुढे जातात. आमचा बाब्या असाच पाठमोरा बसला होता. बारा वर्षांचा, पिवळा, जाड मानेचा बोका. ज्या आजींनी त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलं त्यांनाच आता कुणीतरी सांभाळायची वेळ आली होती. त्यांचं घर बंद झालं आणि मुलानं त्याला शेल्टरमध्ये आणून दिलं.

त्याला आणल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी ज्या चुका केल्या, त्याच नंतर इतर घरांत पुन्हा पुन्हा पाहिल्या. दत्तक गेलेल्या मांजरांची खुशाली विचारायला मी आता फोन करते, तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात: लपून बसतं, खात नाही, गादीवर शू करतं, रात्री ओरडतं. यातलं बरंचसं एकाच समजुतीतून येतं. आपल्याला वाटतं, आता त्याची आपल्याकडे नवी सुरुवात. पण मोठं मांजर आपलं जुनं घर, तिथल्या वेळा आणि वास अंगात घेऊन आलेलं असतं. ते काय घेऊन आलंय हे कळलं, तर निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत.

जुन्या घराची चौकशी न करणं

"बारा वर्षांचं मांजर असं कसं कुणी सोडू शकतं?" हे मीही म्हणायचे. तो राग खोटा नसतो. पण त्यापायी आपण त्या घराशी बोलणंच टाळतो आणि नुकसान मांजराचं होतं. शेल्टरपर्यंत घेऊन येणाऱ्या माणसानं निदान त्याला मासळी बाजारात नेऊन सोडलेलं नसतं. "तिथे खायला मिळेल" म्हणत घरातलं मांजर बाजारात सोडून येणारे आजही आहेत. जन्मभर घरातल्या ताटलीत जेवलेलं म्हातारं मांजर तिथल्या बोक्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे टिकत नाही. पाळलेल्या जनावराला असं उपासमारीत टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

मांजर सोडावं लागण्याची कारणं बहुधा रोजच्या जगण्यातली असतात: मरण, आजारपण, परदेशी बदली, अडून बसलेला घरमालक, किंवा घरात कुणाला दिवस गेलेले. या शेवटच्या कारणासाठी मात्र कुठल्याही मांजरानं घर गमावू नये असं मला मनापासून वाटतं. भीती असते ती पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची. पण हे जंतू मांजराच्या विष्ठेतून बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे बाहेर पडतात, आणि बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला त्यांना किमान एक दिवस लागतो. घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज मांजराचा शू-शीचा ट्रे साफ केला, मटण पूर्ण शिजवलं, भाज्या धुऊन घेतल्या, तर गर्भवती आणि मांजर एका घरात राहू शकतात.

जुन्या घरचा नंबर शेल्टर देणार नाही हे शक्य आहे. मग तुमचे प्रश्न त्यांच्यामार्फत पाठवा. काय खायचं, किती वाजता, कसल्या भांड्यात. शू-शी कशात करायचं. कुठे झोपायचं. पुरुषांना घाबरतं का, लहान मुलं पाहिलीत का. कुठली औषधं चालू होती, जुने रिपोर्ट कुठे आहेत. आणि त्याच्या झोपायच्या जागेवरची एखादी चादर मागून घ्या. ती धुऊन देऊ नका म्हणावं, घरी आल्यावर तुम्हीही धुऊ नका.

नावही तेच ठेवा. मांजराला स्वतःचं नाव तशाच उच्चाराच्या इतर शब्दांतून वेगळं ओळखता येतं, हे २०१९ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं. अनोळखी घरात आपलं म्हणावं असं त्याच्याकडे एवढंच उरलेलं असतं.

पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं करून देणं

आणखी वाईट म्हणजे "शेल्टरमधून आलंय" म्हणून आल्याआल्या अंघोळ घालणं. कृपा करून असं करू नका. ओल्या टॉवेलनं पाय पुसले तरी पुष्कळ झालं.

एक खोली द्या. त्यात एका कोपऱ्यात ट्रे, त्यापासून लांब खाणं आणि पाणी, आणि लपायला जागा: आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका, त्यात ती चादर. पलंगाखाली शिरलं तर हात घालून ओढून काढू नका. बाब्या शिवणयंत्रामागे अकरा दिवस होता. मी रोज संध्याकाळी जमिनीवर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे, त्याच्याकडे न बघता. सहाव्या दिवशी शेपटीचं टोक दिसलं. अकराव्या दिवशी तो बाहेर आला, माझ्या पावलाचा वास घेतला आणि परत आत गेला. काही मांजरांना दोन दिवस पुरतात, काहींना महिना लागतो. पाहुणे बोलावून "बघा आमचं नवीन मांजर" करायचं असेल तर ते महिनाभरानं.

"भूक लागली की खाईल"

माणसाच्या पोराच्या बाबतीत चालणारं हे वाक्य मांजराच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की शरीर साठलेली चरबी वापरायला काढतं आणि ती यकृतात साचत जाते. जाड मांजराला हा धोका जास्त. म्हणून लपून बसलेलं असू दे, पण किती खाल्लं हे रोज मोजा. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दुसरा दिवसही तसाच गेला, तर फोनवर न थांबता घेऊन जा.

पहिले दोन आठवडे जे आधी खात होतं तेच द्या, मग हवं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. ओलं खाणं कोमट करून दिलं की वास येतो. म्हाताऱ्या मांजराचं नाक मंदावलेलं असतं, त्याला त्याचा उपयोग होतो. दूध-पोळी आणि दूध-भात हे आपल्या घरातलं मांजराचं पारंपरिक जेवण, पण मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही, जुलाब होतात. त्याला मांस-मासळीच लागते. टॉरिन नावाचा घटक त्यातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर हृदय आणि डोळे बिघडतात. सुकट-बोंबील खारवलेले असतील तर किडनीच्या मांजराला नकोत. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, रश्शातला मासासुद्धा.

ट्रेबाहेर शू केली म्हणून रागावणं

मांजर सूड उगवत नाही. ओरडून, नाक घासून किंवा कोंडून ठेवून फक्त त्याची भीती वाढते, आणि घाबरलेलं मांजर आणखी भलतीकडे जातं.

आधी लघवी तपासून घ्या. जंतुसंसर्ग, खडे, ताणामुळे मूत्राशयाला आलेली सूज, यांपैकी काहीही असू शकतं. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर मार्ग बंद झालेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, एका-दोन दिवसांत जीव जातो.

तपासणीत काही निघालं नाही तर ट्रेकडे बघा. बाब्या दारातल्या पायपुसण्यावर जायचा. मी महागातली सुवासिक लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची तयार माती, आणली होती, झाकणाचा ट्रे आणला होता. तीन आठवडे पायपुसणी धुतल्यावर आजींच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडे घमेल्यात वाळू असायची, संडासाच्या दाराशी." प्लास्टिकचं पसरट घमेलं आणलं, जाडसर वाळू चाळून धुऊन उन्हात वाळवली आणि घमेल्यात पसरली. बाब्या आत गेला, उकरलं, बसला, झाकलं आणि निघून गेला, जणू इतके दिवस तेवढ्याचीच वाट बघत होता. नंतर त्या वाळूत दर आठवड्याला थोडी बिनवासाची लिटर मिसळत गेले.

ट्रेची कड बुटकी हवी, कारण दुखऱ्या गुडघ्यांना उंच कड ओलांडवत नाही. आणि ट्रे किंवा फरशी फिनाईलनं धुऊ नका. त्यातल्या फिनॉलचं विष उतरवून ते बाहेर टाकणं मांजराच्या यकृताला जमत नाही, आणि पाय चाटताना ते थेट पोटात जातं. साबण आणि गरम पाणी पुरतं.

"वय झालंय, चालायचंच"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. बारा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबानं साधारण चौसष्ट वर्षांचं. घरात राहणारी मांजरं पंधरा-सोळा, कधी अठरा वर्षंही जगतात. म्हणजे तुमच्यासोबत त्याची चार-पाच चांगली वर्षं असू शकतात, दुखणं वेळेवर कळलं तर.

पहिल्या पंधरा दिवसांत एकदा पूर्ण तपासणी करून घ्या: वजन, दात, रक्तदाब, रक्त, लघवी आणि थायरॉइडची टी-फोर. रक्तातलं क्रिएटिनीन वाढेपर्यंत किडनीचं बरंचसं काम गेलेलं असतं, म्हणून लघवीची घनता आणि एसडीएमए (किडनीचा बिघाड आधी दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला सांगा. मुंबईत असाल तर परळचं जनावरांचं जुनं हॉस्पिटल, लोक ज्याला बैलघोडा म्हणतात, ते ठाऊक असेलच. इतरत्र, मांजरं नेहमी बघणारा डॉक्टर शोधा, फक्त कुत्री बघणारा नको.

घरी तुम्ही काय बघायचं? पाण्याचं भांडं दोनदा भरावं लागतंय, ट्रेमधले गोळे मोठे होतायत: किडनी किंवा मधुमेह. अधाशासारखं खातंय तरी बारीक होतंय: थायरॉइड. घास तोंडातून पडतोय, एकाच बाजूनं चावतंय: दात. अचानक भिंतीला धडकतंय, बाहुल्या मोठ्या दिसतायत: रक्तदाबानं दृष्टी गेलेली असू शकते, त्याच दिवशी न्या. दर रविवारी आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग मांजराला घेऊन, आणि फरक वहीत लिहा. चार किलोच्या मांजराचं पाव किलो गेलं म्हणजे साठ किलोच्या माणसाचे जवळपास चार किलो गेले.

सांध्यांचं दुखणं तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, तेव्हा दहातल्या नऊ मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा निघाल्या. मांजर लंगडत नाही. बाब्या खिडकीखाली उभा राहायचा, पुढचे पाय कट्ट्यावर ठेवायचा, मागचे आवळायचा, मग पाय खाली घेऊन जमिनीवरच बसायचा. मला वाटायचं, त्याला खिडकीची आवड नाही. पाठीवरचे केस गुंतलेले असायचे, कारण मान तिथवर वळत नव्हती. खिडकीखाली जेवायचे दोन पाट एकावर एक रचले, बाजूला एक स्टूल ठेवलं, आणि डॉक्टरांनी औषध सुरू केलं. आता सकाळचं ऊन येतं तेव्हा तो कट्ट्यावर असतो.

औषध डॉक्टरांनीच द्यायचं. पॅरासिटामॉलची माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचिडाचं औषधही मांजराला विष आहे. बुकेतली लिली घरात नको, तिच्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा किडनी बंद पाडतं.

घरात आधीचं मांजर असेल तर

लगेच समोरासमोर आणू नका. निदान दोन आठवडे वेगळ्या खोल्या, वेगळी भांडी. तेवढ्या काळात नव्याच्या अंगात एखादी साथ असेल तर ती बाहेर पडते आणि मांजरांना होणाऱ्या ल्युकेमिया-एड्ससाठी रक्ताची तपासणीही होते. मग चादरींची अदलाबदल, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फटीतून भेट.

खिडक्या मात्र मांजर यायच्या आधीच बंदिस्त करा. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं, तारेची लावा.

रात्रीचं ओरडणं

बाब्या रात्री दोनच्या सुमारास पॅसेजमध्ये उभा राहून ओरडायचा. साधं म्याव नव्हे, पोटातून येणारा लांब हंबरडा. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काही होतंय का हो त्याला?" बरीच माणसं इथेच हात टेकतात आणि मांजर परत शेल्टरमध्ये जातं.

म्हाताऱ्या मांजराच्या रात्रीच्या ओरडण्यामागे वाढलेला रक्तदाब, थायरॉइड, दुखणं, कमी झालेलं ऐकू येणं, किंवा माणसाच्या म्हातारपणातल्यासारखा विसरभोळेपणा असू शकतो. म्हणून डॉक्टर आधी. बाब्याचा रक्तदाब आणि थायरॉइड ठीक निघाले. मग दिवसाचं वेळापत्रक बदललं: संध्याकाळी दोरीशी दहा मिनिटं खेळ आणि जेवणाचा शेवटचा हप्ता झोपायच्या आधी. थोडा फरक पडला. मग पुन्हा आजींच्या मुलाला फोन. त्यांच्या देव्हाऱ्यात रात्रभर झिरोचा बल्ब असायचा आणि बाब्या त्याच्यासमोर झोपायचा. आमच्याकडे रात्री मिट्ट काळोख. आम्ही पॅसेजमध्ये तसाच एक बल्ब लावला आणि त्याखाली आजींची चादर घातली.

ओरडणं एकदम थांबलं नाही. रात्रीत तीनदाचं एकदा झालं, मग आठवड्यातून एखाद्या रात्री. अजूनही ओरडतो कधी कधी. मी अंथरुणातूनच एकदा "बाब्या" म्हणून हाक मारते, आणि तो गप्प होतो.