दोन-अडीच लाख किलोमीटर फिरलेली फॉर्च्युनर फोर बाय फोर: घेताना काय तपासावं, घेतल्यावर काय करावं

पहिल्या पिढीची टोयोटा फॉर्च्युनर भारतात २००९ मध्ये आली आणि २०१६ मध्ये नवी पिढी येईपर्यंत विकली गेली. सात माणसं बसतात, खाली वेगळी मजबूत चॅसिस आहे आणि फोर बाय फोर मॉडेलमध्ये चारही चाकांना कायम ओढ मिळते. घाट, शेतरस्ता आणि लांबचा हायवे हे तिन्ही एकाच गाडीत हवं असलेल्या कुटुंबाला जुन्या बाजारात यापेक्षा भरवशाची गाडी सहज सापडत नाही.

मीटरवरचा मोठा आकडा बघून मागे फिरू नका. यातलं ३.० लिटरचं डी-फोर-डी डिझेल इंजिन (कारखान्याचं नाव वन-केडी) वेळेवर देखभाल झाली तर त्या आकड्याच्या बरंच पुढे जातं. ते बिघडतं ते ठरावीक कारणांनी, आणि त्यातली बहुतेक कारणं पैसे देण्याआधी तपासता येतात. नीट बिलं असलेली अडीच लाखांची गाडी घ्या. बिलं नसलेली, ‘फक्त नव्वद हजार फिरलेली’ घेऊ नका. मीटर मागे फिरवणं अवघड नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगचं झिजलेलं चामडं आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड यांवरून खरा वापर कळतो. टायरच्या बाजूवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, नव्या संचाचा खर्च किमतीत धरा. माप २६५/६५ आर१७.

आधी एक साधी गोष्ट. २०१२ च्या बदलानंतर मागच्याच चाकांना ओढ असलेलं मॉडेलही विकलं गेलं, आणि मागचा ‘फोर बाय फोर’ बिल्ला बाजारात सुटा मिळतो. खाली वाकून बघा. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारा डबा) आणि तिथून पुढच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकाला ओढ वाटणारा गिअरचा गोळा) जाणारा दुसरा प्रोपेलर शाफ्ट (ओढ नेणारा फिरता दांडा) दिसला पाहिजे.

इंजेक्टरच्या तळातले वायसर

या इंजिनाची सगळ्यात मोठी दुखरी जागा हीच, म्हणून इथे वेळ द्या. प्रत्येक इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) तळाशी तांब्याचा एक वायसर (वॉशर) असतो. तो सिलिंडरमधला जळता दाब अडवतो. कालांतराने वायसर बसका होतो आणि गरम वायू बाजूने वर, थेट टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) आत निसटू लागतो. तिथलं ऑइल करपतं, काजळीचे कण ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) उतरतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर साचतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो. आधी टर्बो जातो, मग बेअरिंग. बाहेरून गाडी चकचकीत असते आणि आत इंजिन उपाशी चालत असतं.

तपासणी थंड इंजिनावरच करा. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा रेडिएटरला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. चावी फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर तो बंद करून ठेवलाय. इंजिन पेटल्यावर तो एक-दोन सेकंदांत विझला पाहिजे. रेंगाळला तर जाळीवर संशय घ्या. थंड असताना एखाद्या सिलिंडरमधून ठक-ठक येत असेल, पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर गळतोय. हेच लक्षण बराच वेळ टिकलं आणि ओढही कमी वाटली तर पिस्टनला तडा असण्याची शक्यता धरा, आणि कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये बनणारा दाब) मोजल्याशिवाय पुढे बोलू नका.

इंजिन संथ चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं ठेवा. थोडी वाफ चालते. झाकण उडू लागलं, जोराचे हबके आले आणि त्यांना सायलेन्सरसारखा वास असला तर वायसर किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल भरल्याबरोबर काळं पडतं. बोटांवर खरखरीत कण लागले तर मात्र थांबा.

शेवटी टोयोटाचा डेटा वाचणारा स्कॅनर लावून, इंजिन गरम, एसी बंद, संथ गतीवर चारही इंजेक्टरचे ‘फीडबॅक’ आकडे (संगणक प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करून घेतोय ते) बघा. ते शून्याच्या आसपास हवेत. एखादा अधिक किंवा उणे ३ च्या पलीकडे गेला असेल तर तो इंजेक्टर थकला आहे. चार नव्या इंजेक्टरचा खर्च मोठा असतो, त्यामुळे हे आकडे भाव ठरवायच्या आधी हातात असू द्या.

वायसर बदलल्याचं बिल नसेल तर गाडी घेतल्यावर पहिलं काम हेच, आणि पुढे साधारण ८० हजार किलोमीटरला पुन्हा. जुना वायसर तापवून परत बसवू देऊ नका. बसायची जागा पूर्ण साफ झाली पाहिजे, कारण काजळीचा एक कण राहिला तरी नवा वायसर महिन्यांत गळतो. इंजेक्टर ज्या सिलिंडरचा त्यातच परत जातो. नवा घातला तर त्याच्यावरचा भरपाई कोड स्कॅनरने इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. त्याच वेळी चेंबर उतरवून जाळी धुवून घ्या. चेंबर परत लावताना सिलिकॉन बेताचं लावायला सांगा. आत पिळवटून आलेलं सिलिकॉन तुटून त्याच जाळीत अडकतं.

टायमिंग बेल्ट

व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवायला या इंजिनात साखळी नाही, बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात आणि रॉकर मोडतात. मीटरमधला टी-बेल्टचा दिवा बेल्ट न बदलताही शून्यावर आणता येतो, त्यामुळे दिवा हा पुरावा नाही, बिल हा पुरावा. बिल नसेल तर बेल्ट, आयडलर पुली आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) तिन्ही एकत्र बदला. नव्या बेल्टवर जुनी पुली ठेवून वाचणारे पैसे वाचत नाहीत. वॉटर पंपाभोवती ओल किंवा वाळलेल्या कूलंटचे डाग आहेत का, तेही तेव्हाच बघून घ्या.

चॅसिस, गंज आणि पुराचं पाणी

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. कोकण, मुंबई, गोवा इथल्या गाड्यांत चॅसिसचे मागचे भाग, शॉक ॲब्सॉर्बरचे माउंटिंग आणि बॉडी-चॅसिसमधल्या रबर पॅडच्या जागा गंजतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येतो तिथे पत्रा आतून गेला आहे. ताजा काळा रंग फासलेला असेल तर जास्त जोरात ठोका. वरवरचा तांबूस गंज घासून रंगवता येतो, पण चॅसिसवर वेल्डिंगचे थिगळ दिसले तर गाडी सोडा.

२०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकायला येतात. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशखालच्या वायरिंगचे कनेक्टर आणि स्टेपनीच्या जागेचे कोपरे टॉर्चने बघा. पुराचा अगदी थोडाही संशय आला तर किंमत कितीही खाली येवो, घेऊ नका. वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षं संपत नाही.

चालवून बघताना

स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. पुढून टक-टक आली तर सीव्ही जॉईंट (पुढच्या चाकाला ओढ देणाऱ्या दांड्याचा सांधा) झिजलाय. गिअर टाकून निघताना खालून ‘ठण्’ झालं तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस झिजलेत किंवा स्लिप जॉईंट कोरडा आहे. दुसरं ग्रीसने सुटतं, पहिलं नाही. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. ओढ एकदम मरून इंजिनचा दिवा लागला तर टर्बोची पाती किंवा ईजीआर (जळका धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने अडकले असतील, किंवा डिझेल पंपावरचा एससीव्ही (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा) व्हॉल्व्ह गेला असेल. पुढची चाकं जॅकवर घेऊन लोअर बॉल जॉईंट पहारीने हलवून बघा. या वजनाच्या गाडीत तो सुटला तर चाकच आडवं पडतं.

सेंटर डिफरन्शियल लॉक (पुढच्या-मागच्या चाकांना सारखंच फिरायला लावणारं) आणि लो रेंज (हळू, जास्त ताकदीचे गिअर) मातीवर किंवा खडीवर लावून बघा, डांबरी रस्त्यावर कधीच नाही. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर जाम होतो. मागचा एसी वेगळा लावून बघा, तिसऱ्या रांगेतली मुलं त्याच्यावरच अवलंबून असतात. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे.

कागद

आरसी, विमा, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. चॅसिस नंबर कागदावरचा नाही, लोखंडावरचा वाचा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात पासिंग करताना रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो; तो हिशेब आरटीओत विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. २०१० च्या आसपासच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली असते किंवा संपत आलेली. नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, ते बघा.

पहिल्या महिन्यात

गाडीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम वेगळी ठेवूनच घ्या. इंजिन ऑइल सुमारे ७ लिटर लागतं. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, आपल्या हवेत १५डब्ल्यू-४० चालतं. पहिलं ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरवरच काढून टाका, त्याबरोबर जुनी काजळी निघते. नंतर दर ५ ते ७ हजारांवर बदला. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलची ऑइलं एकाच दिवशी बदला. आधी वरचा भरायचा नट सैल होतो का ते बघा, मगच खालचा उघडा. नाहीतर ऑइल निघून गेलं आणि वरचा नट जाम, अशी गाडी रॅम्पवर अडकते. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. चुंबकी नटावर बारीक लुकण चालतं, कपच्या चालत नाहीत.

डिझेल फिल्टर नवा घाला आणि पाण्याचा दिवा लागला की त्याच दिवशी खालून पाणी सोडा. एससीव्ही आणि इंजेक्टर दोन्ही पाण्यानेच लवकर जातात. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी.

कच्च्या रस्त्यावर

प्रोपेलर शाफ्टच्या ग्रीस निप्पलना दर १० हजार किलोमीटरला, आणि ओढा किंवा खोल पाणी पार केल्यावर लगेच, ग्रीस मारा. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत. चिखलातून आल्यावर ड्रम उघडून धुतले नाहीत तर वाळलेली माती लायनर खाते आणि ॲडजस्टर जाम होतो. पावसाळा संपल्यावर हे काम चुकवू नका.

मऊ मातीत हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, वेग कमी ठेवा, आणि डांबरावर येताच दारावरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असू द्या. ओढ कायम चारही चाकांना असल्यामुळे एक वेगळा टायर सेंटर डिफरन्शियलला सतत फिरवत ठेवतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेऊ नका: अनेक ठिकाणी मनाई आहे, भरतीत गाड्या अडकतात, आणि खारं पाणी चॅसिसच्या पोकळीत शिरलं की बाहेरून धुऊन निघत नाही.

घाट उतरून आलेल्या गरम एक्सलवर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (एक्सलमधली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) बंद असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही एक्सलचे ब्रीदर दर सर्व्हिसला काढून फुंकून बघा. नियमित ओढे पार करणार असाल तर तिथे रबरी नळी जोडून टोक बोनेटच्या उंचीवर न्या.