हॉलला निळा की बदामी? माझा अनुभव

बेळगावात शहापूरला आमचं घर. हॉलची खिडकी उत्तरेला, समोर अरुंद गल्ली. फिकट निळ्या भिंती पावसाळ्यात चक्क राखाडी दिसायच्या. यंदा दिवाळीआधी नवा रंग द्यायचा ठरला, तर बायकोला परत निळाच हवा, आईला बदामी.

शेड कार्डवर ठरवायचं नाही, एवढं पक्कं केलं. बोटभर तुकडा दुकानात सगळ्यांनाच आवडतो. दोन्हींचे छोटे डबे आणले, दोन-दोन फुटी पुठ्ठ्यांवर प्रायमर आणि वर दोन हात मारले. सकाळ, दुपार, दिवे लागल्यावर भिंतीला टेकवून बघितलं, खाली थेट शहाबादी फरशीला चिकटवूनही. करड्या फरशीशेजारी निळा आणखीच थंड पडला.

कारण उघड आहे. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ ऊन नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो, आणि तो निळसरच. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला कलतो खरा, पण जूनपासून ढग!

बल्बनं मात्र घोळ घातला. 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या एलईडीखाली बदामी मळकट दिसला. 3000 चा, पिवळसर उजेडाचा लावला आणि तोच रंग खुलला. निळा उलट हिरवट झाला. म्हणून बल्ब आधी बदला, मग रंग निवडा.

"वहिनी, निळा मागच्या खोलीला मारूया, तिथं पश्चिमेचं ऊन तापतंय," पेंटरमामा म्हणाले. तसंच केलं. हॉलला बदामी, छत पांढरं. आई खूश, बायकोचाही निळा राहिला.