बाथरूममधलं पाणी वाचवायला निघण्याआधी

आधी रंग, फ्लशची टाकी गळते का ते बघायला. खायचा रंग, कुठलाही गडद चालेल. पाणी वाचवायचं ठरलं की सगळे शॉवर बदलायला धावतात. मागच्या वेळी मीही धावलो. नवा शॉवर आला, नळांना नव्या जाळ्या लागल्या, आणि मीटर होतं तसंच पळत राहिलं. फ्लशची टाकी आतल्या आत गळत होती, तिचं झाकण उचलून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून बाकी काही आणायच्या आधी रंग आणा.

टाकीत निळी वडी टाकत असाल तर ती काढा आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत फ्लश करा, नाहीतर कुठला रंग कुठला ते कळणार नाही. मग टाकी भरू द्या, आत चांगला रंग दिसेल इतके थेंब घाला आणि अर्धा तास बाथरूमला हात लावू नका. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, कोणीतरी नेमकं तेव्हाच जातं. अर्ध्या तासानं कमोडमध्ये रंग उतरलेला दिसला की टाकीच्या तळाचं रबर गेलं असं समजा. ते कडक होतं, त्यावर क्षार बसतात, आणि पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून इतक्या पातळ पडद्यासारखं घसरतं की आवाज नाही, थेंब नाही. खात्री हवी असेल तर ती भिंत पुसून कोरडी करा आणि टिश्यूचा तुकडा चिकटवा. फ्लश न करता भिजला, तर गळतंय. पण टाकीतून सूं-सूं आवाज येत असेल तर आधी बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता कॉक तपासा, जास्तीचं पाणी टाकीतल्या उभ्या नळीत जात असतं. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली बोटभर हवी.

‘आमची टाकी नवीन आहे’ म्हणणाऱ्यांनीही रंग टाकायचा. भिंतीत लपवलेल्या टाकीवाल्यांनीसुद्धा. बटणांची पट्टी निघते.

आता मीटर. रात्री शेवटचा नळ बंद झाल्यावर आकडा लिहा, सकाळी पहिला नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर गळती शोधा, खरेदी नंतर.

ठिबकणारा नळ: वायसर बदला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण वीस लिटर. पण त्याआधी अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा कॉक, नीट बंद होतो का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक नेमका नळ खोलल्यावर दगा देतो.

शॉवर बदलायचाच असेल तर आधी मोजा. दहा लिटरची बादली खाली ठेवा आणि पूर्ण सोडा. मिनिटाच्या आत भरली तर बदलण्यात अर्थ आहे, नसेल तर पैसे ठेवा खिशात. आणि गॅस गिझरवाल्यांनो, दुकानात जाण्याआधी गिझरला किमान किती प्रवाह लागतो ते त्याच्या पुस्तिकेत बघा. नव्या शॉवरचा प्रवाह त्याहून कमी पडला तर गिझर पेटतच नाही, मग गार पाण्यानं अंघोळ.

नळाच्या तोंडाची जाळी आणायला जाताना जुनी काढून सोबत न्या. आटे आतून की बाहेरून, हे आठवणीवर सांगता येत नाही. काढताना बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर तो इवलासा वायसर गेलाच म्हणून समजा. पान्याखाली कापड. जाळीवर नुसते क्षार असतील तर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, नवी लागणारही नाही.

जुन्या टाक्या एका फ्लशला दहा लिटर किंवा जास्त सोडतात, दोन बटणांच्या नव्या साधारण 3 आणि 6. बदलणं जमत नसेल तर भरलेली बाटली टाकीत ठेवा. वीट नको, ती झिजून रबराखाली कण जातात आणि पुन्हा तीच गळती. रबर बदललंत ना? मग रंग पुन्हा टाका. हो, पुन्हा. नवं रबरही वाकडं बसतं.

गिझरचं गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरा, फरशीला होईल. दात घासताना नळ बंद, हे सांगायला नको. हाताशी ठेवा: टेफ्लॉन टेप, पाना, बॅटरी, जुनी फडकी. बाकीचं काम करता करता सुचेल.